डॉर्नॉकची जमीन

इन्व्हर्नेसहून ए-नाइन रस्त्याने उत्तरेकडे निघालं की सत्तरेक किलोमीटरवर डॉर्नॉक लागतं. वाटेतल्या खाडीवरचा पूल १९९१ साली झाला. त्याआधी इथे यायचं तर अख्ख्या खाडीला वळसा घालावा लागे. गाव एवढंसं आहे. तेराव्या शतकातलं कॅथीड्रल, त्याच्यासमोर एक जुनी गढी, पिवळसर दगडाची बैठी घरं, दोन-चार रस्ते. ते रस्ते जिथे संपतात तिथे गोल्फचं मैदान सुरू होतं आणि मैदान संपतं तिथे समुद्र. हे ठिकाण मॉस्कोच्याही उत्तरेला आहे. जूनमध्ये रात्री दहा वाजताही चेंडू कुठे पडला ते दिसतं, त्यामुळे जेवण उरकून खेळायला निघालेली माणसं रस्त्यात भेटतात, खांद्याला बॅग लावून, चालत.

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते कापलेलं ओलं हिरवं गवत, मधूनमधून तळी, कडेने मुद्दाम लावलेली झाडं आणि फाटकावर पहारेकरी. इथल्या रॉयल डॉर्नॉक क्लबच्या मैदानात सावलीला झाड नाही, तळं नाही. समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूचा जो ओबडधोबड पट्टा असतो, ज्यात धान्य पिकत नाही आणि नांगर घालण्यातही अर्थ नसतो, त्याला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. जगातलं गोल्फ अशाच पट्ट्यांवर वाढलं. हिमयुगात या भागावर बर्फाचा प्रचंड थर होता. बर्फ वितळला, ओझं उतरलं, तशी जमीन हळूहळू वर आली आणि जुने किनारे समुद्रापासून दूर, उंचावर राहिले. डॉर्नॉकचं मैदान अशाच पायऱ्यांवर पसरलं आहे. सुरुवातीला आपण एका जुन्या किनाऱ्याच्या अंगाने उत्तरेकडे जातो, मग तो कडा उतरून आजच्या पुळणीला लागून परत येतो. खेळताना हे कुणी सांगत नाही, पण पाऊल चढतं-उतरतं तेव्हा पायांना समजतं.

इथे गोल्फ किती जुनं? १६१६ सालच्या हिशेबात इथल्या सदरलँड परगण्याच्या अल्पवयीन अर्लसाठी धनुष्यबाण आणि गोल्फच्या काठ्या-चेंडू घेतल्याची नोंद आहे. पोरगा इथे शाळेत होता. पुढे १६३० मध्ये त्याचा पालक सर रॉबर्ट गॉर्डन याने लिहून ठेवलं की डॉर्नॉकची ही मोकळी जमीन सेंट अँड्रूज आणि माँट्रोजच्या जमिनींपेक्षाही सरस आहे. आपल्याकडे तेव्हा शहाजीराजांचा काळ चालू होता. क्लब मात्र १८७७ मधला. १८८६ साली सेंट अँड्रूजचे गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस आले आणि त्यांनी आखणी करून दिली. त्या काळी आखणी म्हणजे जमीन चालून बघायची, सपाट उंचवटा दिसला की तिथे ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची कापलेल्या गवताची जागा, ठरवायची आणि खुंट्या ठोकायच्या. माती हलवायला यंत्रं नव्हती आणि पैसेही नव्हते. पुढे जॉन सदरलँड नावाच्या गृहस्थाने पन्नासहून अधिक वर्षं क्लबचं चिटणीसपद सांभाळलं आणि मैदान घडवत नेलं, पण त्यानेही जमिनीचा स्वभाव बदलला नाही. मला या मैदानाबद्दल जे काही सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे. इथलं सौंदर्य आणि इथली अवघड जागा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या उंचवट्यावर ऊन पडलेलं पाहून आपण थबकतो, तोच उंचवटा पाच मिनिटांनी आपला चेंडू झिडकारतो.

माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, गेली अनेक वर्षं इन्व्हर्नेसला डॉक्टर आहे. मी गोल्फ शिकले पुण्यात, त्याने ते तिकडे उचललं. मेच्या अखेरीस त्याच्याबरोबर डॉर्नॉकला खेळले, आणि पहिल्या होलवरून दुसऱ्याकडे जाताना तो नुसतं एवढंच म्हणाला, "आता जरा दमाने."

दुसरं होल तीन पारचं. नाव ऑर्ड. लांबी पावणेदोनशे यार्डांच्या आसपास, म्हणजे एका फटक्यात ग्रीनवर जाता येतं. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, बघताना भीती वाटावी असं काही नाही. उंचावर एक ग्रीन, पुढच्या बाजूला दोन खोल बंकर, मागे आकाश. मी सहा नंबरचं आयर्न काढलं.

"झेंड्याकडे बघू नकोस," दादा म्हणाला. "मधोमध टाक. आणि आखूड राहिलीस तरी चालेल, लांब मात्र जाऊ देऊ नकोस."

फटका चांगला बसला. चेंडू ग्रीनवर पडला, झेंड्यापासून चार-पाच पावलांवर. पुण्यात तो तिथेच थांबला असता, पिचच्या खुणेशेजारी. इथे तो दोन फूट पुढे गेला, थांबल्यासारखा झाला, मग डावीकडे कलला. आधी इतका हळू, की गवताची पाती मोजत चालल्यासारखा. मग कड आली आणि तो दिसेनासा झाला. जवळ जाऊन पाहिलं तर ग्रीनच्या खाली, माझ्या उंचीएवढ्या उताराच्या पायथ्याशी, छान कापलेल्या गवतावर पडून होता. ना बंकर, ना झुडूप, ना पाणी. चेंडू स्वच्छ दिसत होता, झेंडा वीस पावलांवर होता, आणि पुढे काय करावं हे ठरत नव्हतं.

डॉर्नॉकची ग्रीन अशी आहेत. पालथ्या घातलेल्या परातीसारखी, सगळ्या बाजूंनी बाहेर उतरणारी. गावात म्हणतात की या मैदानावरचा सगळ्यात कठीण दुसरा फटका म्हणजे दुसऱ्या होलवरचा. कारण तिथे पर्याय एकापेक्षा जास्त असतात. वेजने चेंडू उंच उडवावा, तर खालची जमीन दगडासारखी कडक, काठीचं पातं उसळून चेंडूच्या पोटात बसण्याचा धोका. सात नंबरच्या आयर्नने उताराच्या अंगावर आपटून वर चढवावा, तर पहिली उसळी कुठे लागेल यावर सगळं अवलंबून. नाहीतर सरळ पटर घ्यावा आणि चढावरून ढकलत न्यावा. मी खाली बसून तळव्याने जमीन चाचपली. गवत इतकं बारीक की पातं वेगळं काढायला नख लागतं. फेस्क्यू म्हणतात त्याला. त्यात मधूनच रानओव्याची इवली पानं होती, चुरगळली की वास देणारी, आणि सशाच्या लेंड्या. खाली निव्वळ वाळू. रात्रभर पाऊस झाला होता आणि सकाळी नऊला तळहात कोरडा राहिला. मी पटर घेतला. चेंडू चढ चढून गेला, कडेवर रेंगाळला, आणि मग झेंड्याच्या बाजूला वळला. चेंडू जमिनीला टेकल्यावरच इथला खेळ सुरू होतो, हे मला त्या वीस पावलांत समजलं.

आकाशातून जायचं गोल्फ आपण टीव्हीवर पाहतो. मऊ, पाणी पाजलेल्या ग्रीनवर चेंडू धपकन पडतो आणि मागे फिरतो. ते बघायला छान असतं, कौशल्याचंही असतं. पण त्यात जमिनीला बोलायला जागा उरत नाही. डॉर्नॉकला तुम्ही ग्रीनच्या तीस यार्ड अलीकडे चेंडू टाकता आणि मग पाहत राहता. मधला खळगा त्याला डावीकडे नेतो, त्यापुढचा उंचवटा उजवीकडे, आणि कधी कधी असं काही होतं की दोन्ही मिळून त्याला झेंड्याशी आणून सोडतात. ते श्रेय पूर्ण आपलं नसतं. मला त्याचा आनंद जास्त झाला.

या पालथ्या ग्रीनची कीर्ती अमेरिकेत पोचवली ती इथल्याच एका मुलाने. डोनाल्ड रॉस १८७२ साली डॉर्नॉकमध्ये जन्मला. सुतारकाम शिकला, सेंट अँड्रूजला ओल्ड टॉमच्या हाताखाली राहिला, परत येऊन इथे मैदानाची देखभाल करू लागला. १८९९ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि तिथे चारशेच्या आसपास गोल्फ कोर्स त्याच्या हातून झाले. नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्टच्या दोन नंबरच्या कोर्सवर आजही जगातले उत्तम खेळाडू ग्रीनच्या कडेवरून घसरणारा चेंडू हताशपणे बघतात. त्या ग्रीनचं घराणं डॉर्नॉकचं. लहानपणी रोज पायाखाली आलेली जमीन माणूस किती दूर नेतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसऱ्या होलच्या टीवर गॉर्सच्या झुडपांतून बाहेर पडलं की एकदम सगळं उघडतं. खाली फेअरवेची लांब पट्टी, उजवीकडे पुळण आणि पाणी, डावीकडे जुन्या किनाऱ्याचा कडा, आणि तो कडा पायथ्यापासून माथ्यापर्यंत पिवळाधमक. मे महिन्यात गॉर्स फुलतो तेव्हा पान दिसत नाही. आणि मग वारा त्या बाजूने येतो. ओल्या नारळाचा वास! मी थांबलेच. दादा हसला, त्याच्याही बाबतीत पहिल्यांदा हेच झालं होतं. माझं आजोळ गुहागरकडचं. अठ्ठावन्न अक्षांशांवर, हातमोजे घालावे लागतील अशा वाऱ्यात, कुणी खोबरं खवत बसलंय असं वाटायला लावणारं हे फूल खरोखर तसाच वास देतं. तिथली माणसंही त्याला नारळाचाच वास म्हणतात. इंग्रजांनी हे झुडूप निलगिरीत नेलं आणि उटीच्या माळांवर ते आता आवरेनासं झालं आहे. इथे मात्र ते आपल्या घरी आहे.

घरी असलं तरी मायाळू नाही. जवळून पाहिलं तर पान असं नसतंच, सगळे हिरवे काटे, सुईसारखे. चेंडू आत गेला की तीन मिनिटं शोधायची मुभा. २०१९ पर्यंत पाच होती. चेंडू दिसला तरी हात घालवत नाही. एका फटक्याचा दंड घेऊन बाहेर टाकावा हे शहाणपण. सहाव्या होलवर, ज्याचं नावच व्हिनी ब्रे म्हणजे गॉर्सचा उतार असं आहे, डावीकडे हा पिवळा डोंगर आणि उजवीकडे ग्रीनवरून खोल घसरण. दिसायला चित्र. टीवर उभं राहून ते चित्र डोळे भरून पाहायचं आणि मग त्याच्याकडे दुर्लक्ष करून फटका मारायचा, हे फार जड जातं.

सातवं वरच्या पायरीवर. आठव्यावर जुन्या कड्यावरून चेंडू खाली झेपावतो. नववं समुद्राच्या कडेने घराकडे वळतं, आणि तोवर पाठीशी असलेला वारा तोंडावर येतो. त्या दिवशी वारा फार नव्हता असं दादा म्हणत होता. मला तो भरपूर वाटला. ज्या काठीने मी पुण्यात एकशेवीस यार्ड मारते तिने नव्वदही जाईना. उंच चेंडू वारा झेलतो आणि जिथल्या तिथे खाली सोडतो, म्हणून चेंडू मागे ठेवून, काठी मनगटात रोखून, खालून सरपटता मारायचा. फटका लहान होतो, चाल संथ होते, श्वासही. दहा, अकरा, बारा, तेरा ही होलं अशीच गेली. एका बाजूला भरतीचा आवाज, वर चंडोल, आणि पुळणीवर काळेपांढरे, लाल चोचीचे ऑयस्टरकॅचर.

चौदावं होल फॉक्सी. सुमारे ४४५ यार्ड, आणि त्यात एकही बंकर नाही. माणसाने केलेलं काही नाहीच म्हटलं तरी चालेल. फेअरवे आधी डावीकडे सरकतो, मग उजवीकडून वाळूचे गवताळ उंचवटे एकामागून एक आत घुसतात आणि वाट अडवतात. त्यांच्या मागे, आडवं, कंबरभर उंचीच्या ओट्यावर ग्रीन. उंची अशी की पळत आलेला चेंडू कडेवर आपटून परत यावा आणि उडत आलेला पलीकडे निघून जावा. उंचवटे चुकवायला डावीकडे जावं तर ग्रीन रुंदीने दिसतं पण अंतर वाढतं. उजवीकडे राहावं तर ग्रीन दिसतच नाही. लांब मारणाऱ्यांनाही इथे बळ उपयोगी पडत नाही.

मी तीन फटक्यांत ग्रीनच्या पायाशी आले आणि तिथे उभी राहिले. मागचे खेळाडू दूर होते, घाई नव्हती. ओट्याच्या पुढच्या बाजूला जमिनीत हलके पन्हाळ पडलेत. एक सरळ वर जातो, दुसरा अर्ध्यावर जाऊन डावीकडे मोडतो. ते कुणी कोरलेले नाहीत. वाऱ्याने वाळू आणली, मॅरम गवताच्या मुळांनी ती धरली, शेळ्या-मेंढ्यांनी आणि सशांनी गवत खाऊन आखूड ठेवलं, पावसाने वाट काढली. हे शेकडो वर्षं चाललं आणि मग एक म्हातारा सेंट अँड्रूजहून येऊन माती न हलवता, नुसत्या खुंट्या ठोकून निघून गेला, इतकीच या मैदानाची खरी रचना. १९८१ साली गोल्फपटू टॉम वॉटसन इथे एका फेरीसाठी आला आणि एका फेरीवर त्याचं भागलं नाही. पुन्हा पुन्हा खेळून मगच परतला. गोल्फपटू जॉइस वेदरेड, जिच्या फटक्याची बॉबी जोन्ससारख्या खेळाडूनेही मनापासून वाखाणणी केली, ती लहानपणी सुट्टीला इथेच येई. का, ते फॉक्सीच्या त्या ओट्यासमोर विचारावं लागत नाही. मी पहिल्या पन्हाळातून पटरने चेंडू वर ढकलला. तो चढला.

या मोकळ्या जमिनीचा आणखी एक इतिहास आहे आणि तो सोडून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. मेंढ्या असा उल्लेख आला की सदरलँडमध्ये माणसं गप्प होतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या परगण्याच्या मालकांनी आतल्या दऱ्यांमधून हजारो कुळांना हुसकून काढलं, घरांची छपरं जाळली, आणि त्या जमिनी मेंढपाळीला दिल्या. माणसांना किनाऱ्यावर आणून वसवलं, काही बोटीने कॅनडाला गेली. गोल्स्पी गावाजवळच्या डोंगरावर या मालकांपैकी पहिल्या ड्यूकचा प्रचंड पुतळा आहे. लॉक फ्लीट या खाडीच्या काठावरून तो स्पष्ट दिसतो. या क्लबला १९०६ मध्ये रॉयल हे बिरूद मिळालं तेही त्याच घराण्यातल्या डचेसच्या शब्दामुळे. सदरलँडच्या टेकड्या इतक्या रिकाम्या आणि म्हणून इतक्या देखण्या का, याचं एक उत्तर हे आहे. धरणाखाली गावं गेलेल्या मुलखातून आलेल्या माणसाला ते डोळ्याआड करता येत नाही.

पण आजच्या मैदानाला कुंपण नाही, हेही तितकंच खरं. पंधराव्या होलवर एक आजीबाई कुत्रा घेऊन आमच्यापुढून आडव्या गेल्या, हात वर करून "थांबलात, आभार" अशी खूण करून पुळणीवर उतरल्या. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये कुणालाही गोल्फ कोर्स ओलांडून चालत जायचा हक्क आहे. ग्रीनवर पाय द्यायचा नाही आणि खेळ मोडायचा नाही, एवढंच. पाहुण्यांसाठी इथली फी आता जबर आहे, त्याबद्दल दादाशी माझा वादही झाला. तरी गावातली पोरं शाळा सुटल्यावर अर्धा संच खांद्याला लावून येतात आणि आमच्यासारख्यांना मागून गाठतात, हे पाहून बरं वाटलं.

डॉर्नॉकच्या उत्तरेला, एम्बो गावापलीकडे, कूल लिंक्स नावाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे. तिथे नवा गोल्फ कोर्स करायची योजना निघाली. गावात दोन तट पडले. रोजगार हवा आहे, तरुण मुलं दक्षिणेला जातात, हे म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत. दुसरीकडे त्या टेकड्या संरक्षित आहेत, आणि फॉन्सेकाज सीड फ्लाय नावाची एक माशी जगात फक्त पूर्व सदरलँडच्या याच किनाऱ्यावर सापडते. २०२० मध्ये स्कॉटलंड सरकारने परवानगी नाकारली; त्यानंतरही सुधारित योजना पुढे आली. मी गोल्फ खेळते, लिंक्सवर जीव टाकते, आणि तरीही माझं मत त्या टेकड्यांच्या बाजूने आहे. ओल्ड टॉमच्या हाती फक्त खुंट्या होत्या. आज खुंट्यांच्या जागी पाइप, पंप आणि बुलडोझर येतील, मग कितीही जपून केलं तरी.

जमीन आहे तशी राहू द्यावी, हेच मला आपल्याकडच्या मैदानांबद्दलही म्हणायचं आहे. पुण्याच्या आसपास नवे कोर्स होतात तेव्हा मुरूम उकरून, खडक फोडून, बाहेरची माती टाकून डोंगरउतारावर परदेश उभा केला जातो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तो हिरवा ठेवायला पाणी ओतलं जातं. कुणी टँकरचं पाणी मोजून घेत असतं त्याच महिन्यांत. खरं तर आपल्या फेअरवेवर ज्याला बर्म्युडा म्हणून मिरवतात ते गवत म्हणजे हरळी. शेतकरी जिला उपटून थकतो आणि गणपतीला जिच्या दूर्वा वाहतो, तीच. तिच्या मुळ्या खोल जातात. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते आणि वळवाच्या पहिल्या दोन सरींनी पुन्हा फुटते. पिवळ्या, कडक फेअरवेवर चेंडू पळतो, आणि आपल्या माळाचे चढउतार मग खेळात येतात.

ग्रीन आणि टी सोडून बाकीच्या मैदानाला मार्चपासून पावसापर्यंत पाणी देऊ नये, अशी लेखी विनंती मी आमच्या क्लबच्या समितीकडे दिली आहे. इतर गावच्या खेळाडूंनीही ती आपापल्या क्लबात द्यावी.